गोऱ्हा घरचा की बाजारातला? फुटबॉलच्या नव्या हंगामाआधीची घालमेल

२०२५ च्या पोळ्याची गोष्ट. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी सकाळी बैलांची शिंगं रंगवायचं काम चाललं होतं. आप्पांनी एका हाताने शिंग धरलेलं, दुसऱ्या हातात ब्रश. रंगाचा डबा धरायला भाचा उभा केला होता, पण त्याचा जीव मोबाइलात. डबा हळूहळू तिरपा होत गेला आणि बैलाच्या पुढच्या खुरावर निळा ओघळ उतरला.

"काय व्हयनं रे तुले?" आप्पा म्हणाले.

"एझे आर्सेनलला गेला, आप्पा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, भाच्याचा कोणी कॉलेजातला मित्र गाव सोडून गेला. मी समजावून सांगितलं. इंग्लंडमधला एक फुटबॉल खेळाडू, क्रिस्टल पॅलेस नावाच्या क्लबचा. आपला भाचा ज्या टॉटनहॅमवर जीव टाकतो त्यांच्याशी त्याचं जवळपास ठरलं होतं. आणि ऐनवेळी टॉटनहॅमचं हाडवैर ज्यांच्याशी, त्या शेजारच्या आर्सेनलने सहा कोटी पौंडांहून जास्त मोजून त्याला उचललं. त्यात आणखी गंमत अशी की हाच पोरगा लहानपणी आर्सेनलच्याच अकादमीत होता आणि तेराव्या वर्षी त्यांनीच त्याला काढून टाकलं होतं.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पैसा कोना शे?" क्लबच्या मालकाचा, मी म्हटलं. "मंग त्यामा तुन्हं काय गयं?" हे भाच्याला.

भाच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर हा प्रश्न साधा नाही. दर वर्षी जुलै-ऑगस्टात घराघरांत अशी एखादी व्यक्ती विनाकारण चिडचिडी होते, रात्री दोनला फोन उघडून बघते, जेवताना गप्प असते. तिला नेमकी कशाची आशा असते आणि कशाची धास्ती, हे त्या दिवशी मी आप्पांना जसं सांगितलं तसंच इथे मांडतो. मधे मधे मांडे वाढले जात होते, त्यामुळे क्रम जरा मागेपुढे झाला होता. तोही तसाच ठेवतो.

आधी साल कधी भरतं ते बघू. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल अखाजीला, अक्षय्य तृतीयेला संपतं. हिशोब होतो, उचल फिटली की नाही ते बघतात, आणि मग तो त्याच मालकाकडे राहतो किंवा दुसरीकडे ठरवतो. युरोपातल्या फुटबॉलची अखाजी म्हणजे ३० जून. खेळाडूंचे करार बहुतेक करून त्या दिवशी संपतात. करार संपला की खेळाडू मोकळा, नव्या क्लबने जुन्याला दमडीही द्यायची नाही. हे पूर्वी असं नव्हतं. करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागायचा, ते मिळेपर्यंत खेळाडूला अडवून धरायचा. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मान नावाचा खेळाडू याविरुद्ध युरोपच्या न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये जिंकला. आठवड्याला लाखो रुपये कमावणाऱ्यांची तुलना सालदाराशी करू नये हे मला कळतं. पण बोस्मानची तक्रार एखाद्या सालदाराला दोन मिनिटांत समजली असती.

करार चालू असताना खेळाडू हवा असेल तर मात्र किंमत मोजावी लागते. त्या खरेदी-विक्रीचा बाजार ठरावीक काळच उघडा असतो, त्याला ट्रान्सफर विंडो म्हणतात. त्या वर्षी इंग्लंडमध्ये तो जूनपासून १ सप्टेंबरपर्यंत होता. हंगाम मात्र १५ ऑगस्टलाच सुरू झालेला. म्हणजे पेरणी होऊन गेली तरी बैलजोडी अजून बाजारात! सामने चालू आणि संघात नक्की कोण राहणार ते ठरलेलं नाही, असे दोन-अडीच आठवडे दर वर्षी जातात. चाहत्यांचं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते याच दिवसांत.

आता धास्तीकडे येऊ. आयपीएल बघणाऱ्याला ही धास्ती कळणं अवघड आहे, कारण आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मैदानावर, तितक्याच थाटात उतरतो. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे ३८ सामने. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. मेअखेर जे तीन तळाला असतात ते खालच्या वर्गात ढकलले जातात आणि खालून तीन वर येतात. खालचा वर्ग म्हणजे चॅम्पियनशिप. तिथले पहिले दोन थेट वर चढतात, तिसऱ्या जागेसाठी त्यांच्या मागच्या संघांत प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरी, होतो आणि त्याचा अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर रंगतो.

हे नुसतं अब्रूचं प्रकरण असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मधे पैशाची दरी आहे. वरच्या वर्गात शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्यालाही टीव्हीच्या हक्कांपोटी दहा कोटी पौंडांहून जास्त मिळतात. खाली गेलं की तो नळ आटतो. खेळाडूंचे पगार वरच्या हिशोबाने ठरलेले, उत्पन्न खालचं. क्लब एका वर्षात बुडू नये म्हणून तीन वर्षांपर्यंत उतरत्या क्रमाने आधार दिला जातो. टीव्हीच्या पैशातला जो समान वाटा प्रत्येक क्लबला मिळतो, त्याच्या ५५ टक्के, मग ४५, मग २०. वर एकच हंगाम टिकला असेल तर दोनच वर्षं. याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. नाव चपखल आहे. पडायचं तर आहेच, फक्त हाडं मोडू नयेत.

ल्युटन टाउन या छोट्या क्लबचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांचं केनिलवर्थ रोड मैदान जेमतेम १२ हजारांचं. बाहेरगावच्या प्रेक्षकांना आत शिरायचं दार चक्क चाळीसारख्या घरांच्या रांगेतून जातं. जिन्यावरून वर चढताना खाली लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे दिसतात. हा क्लब काही वर्षं पाचव्या वर्गात होता. तिथून एकेक पायरी चढत २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. त्या उन्हाळ्यात तिथले चाहते काय स्वप्नात असतील! २०२४ मध्ये ते खाली आले. २०२५ मध्ये आणखी एक वर्ग खाली. दोन वर्षांत दोन मजले.

ल्युटन एकटा नाही. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी परत गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन वर आले, तेही तिन्ही परत गेले. साउथहॅम्प्टनला ३८ सामन्यांत १२ गुण मिळाले. २००७-०८ मध्ये डर्बी काउंटीने ११ गुणांचा नीचांक करून ठेवला नसता तर तो मानही त्यांनाच मिळाला असता. त्याआधी वर आलेले तिघेच्या तिघे परत जाण्याचा प्रकार १९९७-९८ मध्ये एकदाच झाला होता. म्हणजे दरी रुंदावत चालली होती. नव्याने वर आलेल्या संघाच्या चाहत्याची ऑगस्टातली आशा अगदी मोजकी असते: तळातून चौथं यायचं. सतरावा क्रमांक म्हणजे त्याच्यासाठी दिवाळी.

भाच्याच्या टॉटनहॅमची कथा याच सतराव्या क्रमांकाशी येऊन थांबते, पण उलट्या बाजूने. २००८ नंतर त्यांनी एकही करंडक जिंकला नव्हता. सतरा वर्षांनी, मे २०२५ मध्ये, त्यांनी युरोपा लीग ही युरोपभरातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. आणि त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी २२ सामने हरून सतरावे आले. भाचा त्या रात्री साडेबाराला सामना सुरू झाल्यापासून जागा होता. करंडक उचलला तेव्हा त्याने आख्खं घर उठवलं. सोळा दिवसांनी क्लबने प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांना काढून टाकलं. आता सांगा, अशा संघाकडून पुढच्या वर्षी काय अपेक्षा करायची? विजेता म्हणून की जेमतेम वाचलेला म्हणून? भाच्याची चिडचिड इथून सुरू झाली होती. एझे म्हणजे त्याच्यावर चढलेला कळस.

"मंग त्याच पैशामा दुसरा लेता येस नही का?" आप्पांनी विचारलं. घेता येतो. पण इथे पैशापेक्षा वह्यांचा खेळ मोठा आहे. ही बाजू एकदा कळली की वर्तमानपत्रातल्या निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

समजा क्लबने दहा कोटी पौंडांना खेळाडू घेतला, पाच वर्षांच्या करारावर. वहीत पहिल्याच वर्षी दहा कोटी खर्च दिसत नाही. दर वर्षी दोन कोटी दाखवतात. ट्रॅक्टरचा घसारा जसा वर्षावर्षाला टाकतात, अगदी तसंच. करार जितका लांब, तितका वर्षाचा बोजा हलका. चेल्सीने ही गोष्ट फारच मनावर घेतली. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी एन्झो फर्नांडिसला १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतलं आणि करार केला साडेआठ वर्षांचा. पाच वर्षं धरली असती तर वर्षाला सुमारे २ कोटी १४ लाख लिहावे लागले असते. साडेआठ धरल्यावर सव्वा कोटीत भागलं. ही पळवाट बघून आधी युरोपच्या फुटबॉल संघटनेने आणि त्याच वर्षी प्रीमियर लीगनेही घसाऱ्यासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली.

घसाऱ्याला एवढं महत्त्व का? कारण क्लबने किती तोटा करायचा यावर बंधन होतं. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड. त्याच्या वर गेलं तर दंड रुपयांत नाही, गुणांत. एव्हर्टनचे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये १० गुण कापले. अपिलात ते ६ झाले, मग पुढच्या वर्षाच्या हिशोबासाठी आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. त्या हंगामात तिथले चाहते गुणतक्ता बघण्याऐवजी वकिलांच्या बातम्या वाचत होते. मैदानावर बरोबरी साधून मिळवलेला एकेक गुण, आणि इकडे एका कागदावर सहा उडाले. २०२६-२७ पासून हा नियम जाऊन दुसरा येतो. संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. पण वह्यांची चिंता सुटत नाही, फक्त रकाना बदलतो.

आणि आता तो गोऱ्हा. बैल बाजारातून लाखाला आणला आणि दीड लाखाला विकला तर नफा पन्नास हजार. पण गोऱ्हा घरच्याच गाईचा असला तर वहीत त्याची खरेदी शून्य. विकला की सगळीच रक्कम नफा. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या पोराचं अगदी हेच होतं. त्यामुळे तोट्याची मर्यादा गाठत आली की मॅनेजर पहिल्यांदा घरच्या पोरांकडे बघतो. न्यूकॅसलने २०२४ च्या जूनअखेरीस, वह्या बंद व्हायला काही तास उरलेले असताना, इलियट अँडरसनला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना फॉरेस्टला विकलं. तो न्यूकॅसलच्या शेजारच्याच गावचा, लहानपणापासून त्यांच्या अकादमीत वाढलेला. सव्वा वर्षाच्या आत तो इंग्लंडकडून खेळला. कोणत्याही चाहत्याला विचारा, त्याला सगळ्यात जास्त लागतं ते हे. बाजारातला गेला तर हळहळ. दावणीला जन्मलेला गेला तर गोठ्याकडे बघवत नाही.

हे सांगितलं तेव्हा आप्पांनी ब्रश खाली ठेवला. त्यांना पहिल्यांदाच भाच्याचं दुःख खरं वाटलं असावं. तीन वर्षांपूर्वी आजारपणाच्या खर्चासाठी त्यांनी घरचा गोऱ्हा विकला होता. माणसाची बैलाशी तुलना बरी नव्हे, हे मी म्हटलंही. "तुले काय माहीत," एवढंच म्हणाले.

बाकी चिंतांचं फार मनावर घेऊ नये, असं माझं मत. सरावाचे मैत्रीपूर्ण सामने जुलैत अमेरिकेत नाहीतर आशियात होतात. त्यात अर्धा संघ मध्यंतरात बदलतात, त्यांच्या निकालावरून हंगामाचा अंदाज बांधणं म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीवरून कापसाचा भाव सांगणं. वेळापत्रक अवघड आलं अशी ओरडही दर वर्षी होते. शेवटी सगळ्यांशी दोनदा खेळायचंच आहे. त्यापेक्षा क्लब पगारावर एकूण किती खर्च करतो ते बघावं. मेमधला क्रमांक त्याच्या आसपासच लागतो. नेहमी नाही. २०१५-१६ मध्ये लेस्टर विजेते झाले तेव्हा सट्टेवाल्यांनी त्यांच्यावर ५००० ला १ असा भाव लावला होता. त्या एका वर्षाच्या जोरावर जगभरातले चाहते अजून ऑगस्टात आशा बाळगतात.

"आपला देशमा कसं शे?" आप्पांनी विचारलं, आणि माझीच बोलती बंद झाली.

भाच्याला चिंता संघ कितवा येईल याची. मला, मुंबई सिटी या क्लबच्या चाहत्याला, त्याच पोळ्याला चिंता होती ती हंगाम होणार की नाही याची. इंडियन सुपर लीग, म्हणजे आपल्याकडचा फुटबॉलचा वरचा वर्ग, २०१४ मध्ये सुरू झाली. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी व्यापारी हक्क दिले होते, ते फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड या कंपनीकडे होते. लीग तीच चालवायची आणि महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये द्यायची. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. एरवी हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. म्हणजे अर्धा हंगाम कराराच्या आत, अर्धा बाहेर. नवा करार ठरेना, कारण महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. जुलैत कंपनीने क्लबना कळवलं की हंगाम तूर्त थांबवला आहे. पाठोपाठ काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

"म्हंजे पेरनीच नही?" आप्पा म्हणाले. अगदी तसंच. आपल्याकडे दोन वर्गांमधलं येणं-जाणंही नीट रुळलेलं नाही. वर चढायचं दार २०२३ मध्ये उघडलं, पंजाब एफसी त्यातून आलं, मग मोहामेडन. खाली मात्र २०२४-२५ पर्यंत कोणीच गेलं नाही. त्यामुळे तळाला येण्याची भीती नव्हती. भीती वेगळीच. क्लबच गायब होण्याची. पुण्याचा एफसी पुणे सिटी आठवतो? बालेवाडीला खेळायचा. २०१९ मध्ये बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी २०२१-२२ मध्ये विजेता झाला. आणि २०२५ मध्ये तोही उठून दिल्लीला गेला, नावासकट बदलला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्यात ज्याने नारंगी जर्सी घेतली होती त्याने आता कोणाकडे बघायचं? ल्युटन दोन मजले खाली पडलं, पण केनिलवर्थ रोड तिथेच आहे.

पुढचं पोळ्यानंतरचं. ऑक्टोबरात महासंघाने नव्या हक्कांसाठी निविदा काढली, नोव्हेंबरात मुदत संपली तरी एकही बोली आली नाही. डिसेंबरअखेर मुंबई सिटीतला सगळ्यात मोठा भागीदार, मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप, बाहेर पडला. त्याने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता. जानेवारीत सुनील छेत्रीसकट देशातले नामांकित खेळाडू व्हिडिओतून जागतिक फुटबॉल संघटनेला हात जोडत होते की आमचा खेळ वाचवा. ज्या माणसाने भारतासाठी सगळ्यात जास्त गोल केले त्याच्यावर ही वेळ. मी तो व्हिडिओ जळगावला एका कटिंगच्या दुकानात पाहिला. खुर्चीतल्या माणसाने विचारलं, "कोणाची जाहिरात आहे?"

मग त्याच महिन्यात क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं: १४ फेब्रुवारीपासून हंगाम, चौदाही संघ खेळणार. पण प्रत्येक जण दुसऱ्याशी एकदाच. गणित सोपं आहे. प्रत्येकाला १३ सामने, एकूण ९१. आधीच्या हंगामात एकेका संघाला २४ मिळाले होते. घरच्या मैदानावर सहा किंवा सातच.

हे सहा-सात माझ्या दृष्टीने फार कळीचे. मी दर हंगामात एक सामना मुंबईला जाऊन बघतो. जळगावहून रेल्वेने. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. सामन्यांची तारीखवार यादी मात्र हंगाम तोंडावर आल्याशिवाय हातात पडत नाही. तिकडे इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या हंगामाच्या तारखा जूनमध्येच लागतात, टीव्हीसाठी काही पुढेमागे होतात तेवढंच. भाचा त्या दिवशीच मित्रांबरोबर कुणाच्या घरी कोणता सामना बघायचा ते ठरवून टाकतो. साडेसातचा असेल तर जेवणाआधी, दहाचा असेल तर शेवभाजी बाहेरून.

यादी हातात पडली त्या दिवशी मी भाच्याला फोन केला. म्हटलं, चल, या वेळी तूही ये. तो म्हणाला, "मामा, मुंबई सिटीत आहे तरी कोण आता?" मला तरी कुठे सगळे माहीत होते. तरी दोघांची तिकिटं काढायला बसलो. जायचं आरएसी मिळालं. यायचं वेटिंग ४१.